परांची लागली, ग्रिल उतरलं, आणि रात्री घरात फक्त सासूबाई नि लेक. आधी काय करू?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. राहायला विक्रोळीत, कन्नमवार नगर. तळ अधिक चार मजल्यांची जुनी म्हाडाची इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. दिवाळी उरकल्यापासून बिल्डिंगची दुरुस्ती चालू आहे. चारी बाजूंनी परांची, परांचीवर हिरवी जाळी, आणि प्लास्टर करायचं म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी सगळ्यांची ग्रिलं कापून गच्चीत नेऊन टाकलीत. "रंग झाला की बसवून देतो मॅडम." रंग कधी होणार हे त्यालाही ठाऊक नसावं.

मी पालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे, त्यामुळे नाइट चुकत नाही. नवरा जहाजावर, तो उन्हाळ्यात येईल. माझी नाइट असली की घरी दोघीच. सासूबाई (वय ७३, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत) आणि लेक, चौथीत.

गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीत चोर शिरला. तिथेही तोच कॉन्ट्रॅक्टर, तीच परांची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला, दोन मोबाईल आणि पर्स घेऊन गेला. घरातली माणसं झोपलेलीच होती, सकाळी पाण्याला उठल्यावर कळलं. कुणाला इजा नाही, तेवढं नशीब.

तेव्हापासून सल्ल्यांचा पाऊस. भाऊ रोज एक स्मार्ट लॉकची लिंक पाठवतो. नणंद म्हणते कुत्रा पाळा (त्याला फिरवायचं कुणी? गुडघे गेलेल्या बाईने?). बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चड्डी-बनियन टोळीचा कुठला तरी जुना व्हिडिओ आणि "दारावर खडूची खूण दिसली तर सावधान" चालू आहे. सासूबाईंनी गावाहून आणलेला नारळ सोलायचा कोयता पलंगाखाली ठेवलाय. "येऊ दे मेल्याला," म्हणतात. खरं सांगू, मला चोरापेक्षा त्या कोयत्याची जास्त धास्ती वाटते.

कमिटीला दुसरा वॉचमन ठेवा म्हटलं तर फंड नाही. असलेला वॉचमन एकला आडवा होतो, पाचला पाण्याचा पंप लावायला उठतो.

माझ्याकडे यासाठी फार तर वीस हजार आहेत. ते कुठे घालू? ग्रिल आत्ताच करून घ्यावं, तर आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं ही भीती. आमच्या वॉर्डात धुराने आलेली माणसं पाहिलीत मी. आणि मुख्य म्हणजे, खरंच कुणी आत आलं तर या दोघींनी नेमकं करायचं काय? कायद्याने काय चालतं हेही कुणी सांगेल का? कोयत्याचा प्रश्न आहे म्हणून विचारते.

वायफायवाला_ठाणे

एक चांगला कॅमेरा स्वयंपाकघरात आणि एक हॉलमध्ये. दोन-अडीच हजाराला एक मिळतो. मोशन झाला की तुमच्या फोनवर सूचना. ड्युटीवर बसून घर दिसेल. पासवर्ड मात्र कंपनीने दिलेला ठेवू नका, आणि राउटरला छोटा बॅकअप घ्या, लाईट गेली की कॅमेरा आंधळा होतो.

रात्रपाळी

धन्यवाद. पण रात्री अडीचला मी आयसीयूत असते, फोन लॉकरमध्ये. आणि फोन हातात असला तरी परळहून विक्रोळीला मी काय उडत येणार?

निवृत्त_फौजदार

ताई, मी मुंबई पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. पूर्व उपनगरात बरीच नोकरी डिटेक्शनला, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासाला गेली. म्हणजे घरफोडी झाली की पंचनाम्याला उकिडवा बसणारा माणूस मी.

आधी खडू. पल्स पोलिओचं पथक दारावर खडूने खुणा करून जातं, हे नर्सबाईंना मी काय सांगू. त्या ग्रुपवर एकदा तुम्हीच लिहून टाका, निम्मी बिल्डिंग शांत झोपेल.

आता चोर. आमच्याकडे घरफोडीचे खाने दोन, दिवसा आणि रात्री. दोन्हीकडचा माणूस वेगळा. दिवसाचा येतो तो कुलूप बघून. बेल वाजवतो, कुणी उघडलं तर "अमुक इथेच राहतात का" विचारून निघून जातो. कुणी नसेल तर कटावणी घालून कडी-कोयंडा उचकटतो, कपाट फोडतो आणि तुम्ही भाजी घेऊन यायच्या आत खाली उतरतो. त्याला घरात माणूस नकोच असतो. गणपतीत निम्मी गिरणगाव-भांडुप-विक्रोळी कोकणात जाते, तेव्हा त्याची दिवाळी. रात्रीचा, तुमच्यासारख्या ठिकाणी, बहुतेक वेळा उघड्या खिडकीचा चोर. पुष्कळदा गर्दुल्ला. चार्जिंगला लावलेला मोबाईल, खुंटीवरची पँट, टीव्हीवरची पर्स. हाताला लागेल ते घेणार आणि पळणार. शेजारच्या इमारतीत झालं ते हेच.

म्हणून भावाला सांगा, लिंका बंद कर. चोर दाराने यायचाच नाहीये, तर दाराला पंधरा हजारांचं कुलूप लावून ते कुणाला दाखवायचं? दाराची कडी नीट असली तर तिला सध्या हात लावू नका. सगळं लक्ष मागच्या बाजूला, हाउसगल्लीकडे. परांची म्हणजे चोराला तुम्हीच बांधून दिलेला जिना, आणि वर जाळी लावून त्याला पडदाही दिलात.

यातलं बरंचसं फुकटात होतं, पण कमिटीच्या मानगुटीवर बसावं लागतं. काम संपलं की संध्याकाळी परांचीच्या खालच्या टप्प्याच्या फळ्या काढून घ्यायच्या आणि शिडी साखळीने बांधून कुलूप घालायचं. किल्ली सेक्रेटरीकडे, कॉन्ट्रॅक्टरच्या मुकादमाकडे नाही. जाळी तळापासून पहिल्या मजल्यापर्यंत रात्री गुंडाळून वर बांधायची, म्हणजे चढणारा दिसेल. हाउसगल्लीत एक मोठा दिवा, रात्रभर. त्याचं बिल कॉन्ट्रॅक्टरच्या मीटरवर. कामगार गच्चीत राहत असतील तर त्यांची नावं आणि आधारच्या प्रती घेऊन यादी पोलीस ठाण्यात द्यायची. कामगार चोर असतात असं मी म्हणत नाही, माझ्या अनुभवात तर त्यांचेच मोबाईल जास्त जातात. पण यादी आहे म्हटल्यावर भलताच माणूस डोक्यावर टोपी घालून आत शिरत नाही. हे सगळं लेखी द्या, पोच घ्या. "फंड नाही" हे उत्तर यातल्या कशालाच चालत नाही, कारण फंड लागतच नाही.

वॉचमनचं म्हणाल तर त्याला दर तासाला मागच्या गल्लीत जाऊन यायला लावा. तो झोपतो कारण त्याला काही काम नाही. आणि बारा तास दिवसा कुठे दुसरीकडे उभा राहून इथे येतो का, तेही विचारा. बहुतेक येत असेल.

आता घरातलं. हे लक्ष देऊन वाचा.

रात्री आवाज आला तर बघायला जायचं नाही. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस हातात बॅटरी घेऊन "कोण आहे रे" करत जातो आणि तिथेच घोटाळा होतो. चोर चोरीला आलेला असतो, मारामारीला नाही. पण दारात माणूस उभा राहिला आणि मागे भिंत असली की तो हातात असेल ते चालवतो. १६ जानेवारी २०२५ ला वांद्र्यात सैफ अली खानच्या घरी काय झालं आठवा. बारा मजली इमारत, खाली माणसं, जिन्यात कॅमेरा. पहाटे माणूस शिरला, झटापट झाली, आणि सैफला सहा जखमा. जिन्यातल्या कॅमेऱ्यात तो दिसला, पण ते तपासाला उपयोगी पडलं. रात्री अडवायला कॅमेरा काय करणार?

तर दोघींनी एकाच खोलीत झोपायचं. त्या खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी, वर एक आणि खाली एक. फोन त्याच खोलीत, चार्जिंग तिथेच, खिडकीपासून लांब. आवाज आला की खोलीतून बाहेर पडायचं नाही, कड्या लावायच्या, दिवा लावायचा, आणि आतून मोठ्याने बोलायचं. "अहो उठा, बाहेर कोण आहे बघा, पोलिसांना फोन लावा." घरात पुरुष नसला तरी "अहो" म्हणायचं. चोराला ऐकू गेलं पाहिजे आणि त्याला जायला वाट मोकळी राहिली पाहिजे. खिडकी त्याच्यासाठी उघडी आहे तर उघडी राहू द्या. मोबाईल गेला तर जाऊ दे.

मग ११२. लेकीला पाठ करायला लावा, पण नुसता नंबर नाही. पत्ता कसा सांगायचा ते. लहान मुलं "आमच्या घरी चोर आलाय" म्हणून फोन ठेवतात. इमारत क्रमांक, मजला, जवळची खूण, या क्रमाने. आणि "ठेवा" म्हणेपर्यंत ठेवायचा नाही. ११२ झालं की समोरच्या दाराला फोन. समोर कोण राहतं? त्यांना आधी सांगून ठेवा की रात्री फोन आला तर एकटे बाहेर येऊ नका, चारजण मिळून जिन्यातले दिवे लावा आणि आरडाओरडा करा. लपलेल्या चोराला उजेड आणि माणसांचा आवाज याहून जास्त काही लागत नाही.

सोनं घरात असेल तर तांदळाच्या डब्यात नाही ना? असतंच. पहिला डबा तोच उपडा होतो. बँकेत ठेवा, आणि ठेवण्याआधी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, पावत्या जपा. मुद्देमाल सापडला तरी "हा माझाच" हे कोर्टाला पटवावं लागतं. पोलीस ठाण्यात मंगळसूत्रांचा ढीग पडलेला असतो आणि बायका रडून सांगतात, पण कुठलं कुणाचं?

आणखी एक, दिवसाचं. सासूबाई दुपारी एकट्या असतील. "मी पोलीस आहे, पुढे लफडं झालंय, दागिने काढून पुडीत ठेवा" म्हणणारा तोतया किंवा भांडी-दागिने चमकवून देणारा, हे दोघे खिडकीतल्या चोरापेक्षा म्हाताऱ्या माणसांना जास्त लुबाडतात. कुठलाही खरा पोलीस दागिने काढायला सांगत नाही. हे त्यांना रोज सांगा. कंटाळतील, तरी सांगा.

वेल्डिंगवाला

फौजदार साहेबांनी ग्रिलचं माझ्यासाठी ठेवलंय वाटतं. माझं घाटकोपरला फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ग्रिल, सेफ्टी डोअर, शेड, सगळं करतो.

ताई, पहिलं म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने कापून नेलेलं ग्रिल परत येईल या भरवशावर राहू नका. आलं तरी ते ग्राइंडरने कापलेलं, कान तुटलेलं. मग तो चार स्क्रू मारून टांगून जातो. बाहेरून बघायला ग्रिल, हाताने ओढलं की खाली. तुमच्याकडे खाडी जवळ, खारी हवा, जुन्या लोखंडाच्या आतून पापुद्रे निघालेले असतात. वेल्डच्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, घुसला तर भंगारात द्या.

आत्ता करायचं तर आतून बसणारं ग्रिल करा. म्हणजे खिडकीच्या शटरच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या जाडीत. बाहेर प्लास्टर चालू दे, रंग चालू दे, तुमच्या ग्रिलला कुणी हात लावायचा संबंध नाही. शटर उघडायला बोटं जातील एवढी फट ठेवतात. पोकळ पाइप नको, तो कटरने पाच मिनिटांत जातो. दहा-बारा एमएमचा चौकोनी भरीव बार घ्या, दोन बारांमध्ये लहान मुलाचं डोकं जाणार नाही एवढंच अंतर. भिंतीत होल्डफास्ट, म्हणजे ग्रिल धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, टाकून सिमेंटने भरायचं. जुन्या बिल्डिंगमध्ये नुसत्या फास्टनरवर (भोक पाडून ठोकायचा बोल्ट) विश्वास ठेवू नका, प्लास्टर भुसभुशीत असतं, विटेपर्यंत पोचलं पाहिजे. फास्टनरच टाकायचे असतील तर बसवून झाल्यावर बोल्टच्या डोक्याला टॅक, म्हणजे वेल्डिंगचा ठिपका, मारून घ्या, म्हणजे पाना लागणार नाही. हे कारागीर सांगितल्याशिवाय करत नाहीत.

आगीचं तुमचं बरोबर आहे. म्हणूनच एका ग्रिलला दार ठेवायचं. सगळ्या खिडक्यांना नाही, ज्या खिडकीखालून अग्निशमनवाल्यांची शिडी लागू शकते, म्हणजे रस्त्याकडची, तिला. मोठा माणूस बसून बाहेर निघेल एवढं दार, आतून कुलूप. किल्ली त्या खिडकीजवळ टांगायची नाही, बाहेरून हात पोचतो. पण कपाटातही ठेवायची नाही. झोपायच्या खोलीत दाराच्या मागे खिळा मारा, तिथे कायम. तिला दुसरी कुठली किल्ली अडकवू नका. आणि कुलूप महिन्यातून एकदा उघडून तेल घाला. आयत्या वेळी गंजलेलं कुलूप म्हणजे भिंतच.

बॉक्स ग्रिल, म्हणजे तो बाहेर आलेला पिंजरा, मला विचाराल तर करू नका. धंदा माझा आहे तरी सांगतो. त्याच्यात लोक कुंड्या, सिलिंडर, जुनी सायकल भरतात, आणि वरच्या मजल्यावरच्या चोराला तो उभं राहायला ओटा होतो.

स्लायडिंगच्या खिडक्यांना ग्रिल नसेल तोवर एक काम आजच करा. शटर वर उचललं की ट्रॅकमधून बाहेर निघतं, चोराला हे माहीत असतं. वरच्या ट्रॅकमध्ये शटरच्या डोक्यावर एक-दोन स्क्रू उभे मारा, म्हणजे उचलता येणार नाही. खालच्या ट्रॅकमध्ये जुन्या झाडूचा दांडा मापात कापून आडवा टाका, म्हणजे सरकणार नाही. खर्च शून्य. हवा पाहिजे तर चार बोटं फट राहील असा दांडा कापा.

सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात का बघा. दिसत असतील तर पिनांना टॅक मारून घ्या.

गिरगावकर_मूळचे

आमच्या चाळीत रात्री दारं उघडी असायची. गॅलरीत दहाजण झोपलेले. चोर आला तर त्याला पाय ठेवायला जागा नाही! फ्लॅट संस्कृतीने माणूस माणसाला पारखा झाला, मग ग्रिलं आणि कॅमेरे.

निवृत्त_फौजदार

गिरगावकर, तुमच्या चाळीतल्या चोऱ्यांचे पंचनामे आमच्याच लोकांनी लिहिलेत. उघड्या दारातून भांडी, घड्याळं, वाळत घातलेले कपडे, सगळं जायचं. फरक एवढाच की ओरडलं की माणसं जमायची. ताईंना तेवढंच हवंय, समोरचं दार आणि खालचं-वरचं. बाकी चाळ राहू द्या.

काळा_कोट

कायद्याचं विचारलंय म्हणून लिहिते. मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं करते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. तुमच्या परिस्थितीत कामाची गोष्ट अशी की घरफोडी व्हायला काही फोडावंच लागतं असं नाही. कलम ३३० च्या व्याख्येत माणसाने येण्यासाठी नसलेल्या वाटेने, किंवा भिंत वा इमारत चढून पोचलेल्या वाटेने आत शिरणं हीसुद्धा घरफोडीच. परांचीवरून खिडकीत आलेला माणूस, खिडकी सताड उघडी असली तरी, घरफोडीच करतो. हे पोलीस ठाण्यात सांगायला लक्षात ठेवा, कारण "खिडकी तुम्हीच उघडी ठेवली होती" हे ऐकावं लागतं.

सूर्यास्त ते सूर्योदय यांच्यामध्ये घरफोडी करून शिरलेल्या माणसाविरुद्ध कलम ४१ मालमत्तेच्या बचावाचा हक्क खूप लांबपर्यंत नेतं, जीव जाण्यापर्यंत. पण त्याला कलम ३७ ची वेसण आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. आणि कलम ४३ प्रमाणे हा हक्क तो घरात असेपर्यंतच. खिडकीतून उतरून पळत सुटला, आणि बिल्डिंगने त्याला खाली धरून मारलं, तर मारणारे आरोपी. मी अशा केसमध्ये मारणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिले आहे, म्हणून सांगते. लोक म्हणतात, आम्ही तर चोराला धरला! धरा ना, हरकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० खासगी माणसालाही पकडायचा अधिकार देतं. पण मारहाण न करता पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, लवकरात लवकर, जास्तीत जास्त सहा तासांत.

कोयता घरात ठेवणं गुन्हा नाही. घरगुती आणि शेतीच्या कामाची हत्यारं शस्त्र कायद्याच्या परवान्यात येत नाहीत. पण ७३ वर्षांच्या बाईंच्या हातातला कोयता चोराच्या हातात जायला किती वेळ लागेल, याचा विचार कायद्याच्या आधी करा.

चोरी झालीच तर "गहाळ" म्हणून दाखला घेऊ नका, चोरीची एफआयआर मागा. आता ऑनलाइनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. चोरलेला फोन संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करा, त्यासाठी आयएमईआय नंबर आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. फोनच्या खोक्यावर असतो.

निवृत्त_फौजदार

वकीलबाईंनी गहाळ दाखल्याचं बरं काढलं. आमच्याच लोकांची सवय, गुन्ह्यांचा आकडा कमी दिसावा म्हणून. आणि ठसेवाले येईपर्यंत खिडकी, ओटा, कपाट पुसू नका. बायका घाबरून आधी केर काढतात.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

झाडूचा दांडा त्याच दिवशी कापला. स्क्रू वरच्या मजल्यावरच्या काकांनी मारून दिले, मग त्यांनी स्वतःच्याही खिडक्यांना मारले, आता आमच्या विंगमध्ये झाडूचे दांडे मिळेनासे झालेत.

कमिटीला अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, लेखी कशाला, तोंडी सांगायचं ना." मी म्हटलं पोच द्या. खालच्या फळ्या काढायला कॉन्ट्रॅक्टर तयार नव्हता, सकाळी परत लावायला तासभर जातो म्हणे. शेजारच्या इमारतीतल्या ज्यांचे मोबाईल गेले त्यांना मी मीटिंगला घेऊन गेले, त्यांनी जे काय सुनावलं त्यानंतर फळ्या निघाल्या. शिडीला साखळी आहे. दिवा लागलाय. जाळी गुंडाळण्यावर अजून भांडण चालू आहे, धूळ उडते म्हणून पहिल्या मजल्यावरच्यांचाच विरोध. कामगारांची यादी गेली. त्यातला एक मुलगा आमच्या लेकीला विचारत होता, "दीदी, मेरा नाम भी लिखा ना?" त्याचा फोन मागच्याच महिन्यात गच्चीतून गेला होता.

आता घरातली गोष्ट. एका सुट्टीच्या दिवशी मी दुपारीच तालीम घेतली. मी स्वयंपाकघरात भांडं पाडलं, दोघींनी आत कड्या लावायच्या. लेकीने पत्ता बरोबर सांगितला, अगदी "समोर गणपतीचं मंदिर, गल्लीत गाडी येते" इथपर्यंत. (११२ ला खरा फोन नाही केला, मीच पलीकडे पोलीस होते.) सासूबाई मात्र दार लावून घ्यायलाच तयार नाहीत. म्हणाल्या, "भांडं पडलं म्हणजे मांजर. मांजरासाठी कड्या लावून बसू?" दुसऱ्यांदा त्या देवघराकडे निघाल्या. देव घेतल्याशिवाय आत जाणार नाहीत. बाळकृष्ण चांदीचा आहे, सासऱ्यांच्या आईचा. शेवटी बाळकृष्ण रात्रीपुरता झोपायच्या खोलीतल्या कोनाड्यात हलवायचा असं ठरलं. त्यांनी त्याला नाव दिलंय, देवाची नाइट ड्युटी.

"अहो उठा" त्यांना फार आवडलं. सासरे जाऊन बारा वर्षं झाली, पण हाक एकदम खणखणीत. समोरच्या वहिनी दार उघडून आल्या, काय झालं म्हणून. म्हणजे तीही तालीम झाली.

सोनं तांदळात नव्हतं. नाचणीत होतं. सोमवारी लॉकरला जाईल, फोटो काढून.

कोयता पलंगाखालून निघाला, पण घराबाहेर जायला राजी नाही. सध्या माळ्यावर, नारळाच्या पोत्यामागे. तिथे पोचायला स्टूल लागतं, आणि स्टुलावर त्या चढू शकत नाहीत. एवढ्यावर मी तह केलाय.

तोतया पोलिसाचं सांगितलं तर म्हणतात, "खरा आला तर त्याला काय, उभा ठेवू?" यावर फौजदार काकांनीच उत्तर द्यावं.

वेल्डिंगवाले दादा, आतून बसणारं ग्रिल करायचं ठरलंय. स्वयंपाकघर आणि मागची खोली, दोन्ही. रस्त्याकडच्या खिडकीला दाराचं. साधारण किती होईल?

निवृत्त_फौजदार

उभा ठेवा म्हणावं. सेफ्टी डोअर बंद, आतला दरवाजा उघडा, साखळी लावलेली. ओळखपत्र जाळीतून बघायचं, आणि पोलीस ठाण्याच्या लँडलाइनवर फोन करून विचारायचं की अमुक नावाचा माणूस पाठवलाय का. नंबर त्याने सांगितलेला नाही, फ्रिजवर तुम्ही आधी लिहून ठेवलेला. खरा पोलीस थांबतो. त्याला चहा विचारला तर आणखी थांबतो.

वेल्डिंगवाला

ताई, भाव मापाशिवाय सांगितला तर तो खोटा असतो, बार किलोवर आणि मजुरी वेगळी. तिन्ही खिडक्यांची आतली उंची-रुंदी टेपने घ्या, तीन ठिकाणी घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये चौकट सरळ नसते. भिंतीची जाडी पण लिहा. आणि आजींच्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर? बाहेर उघडत असेल तर नुसत्या कड्यांनी भागणार नाही, आधी बिजागऱ्या बघाव्या लागतील. दाराचा एक फोटो पाठवा, बंद केलेला, दोन्ही बाजूंनी.